अठ्ठेचाळीस अर्धे दाणे

मला एक सांगा, माणसानं विश्वास कुणावर ठेवावा? डोळ्यांवर, दातांवर, की शेजाऱ्यावर?

घाई नका करू, चहा येऊ द्या. साठी उलटेपर्यंत मी छातीठोकपणे सांगायचो: आधी दातांवर, मग डोळ्यांवर, आणि शेजारी मी असेन तर बेलाशक शेजाऱ्यावर! आता या तिघांपैकी कुणाचंही नाव निघालं की माझी मान खाली जाते. असा घोळ घालून बसलोय की सांगायची लाज वाटते, आणि न सांगता राहवत नाही. हसायचं तर हसा. फक्त आमच्या हिच्यासमोर हसू नका. ती अजून आठवड्यातून एकदा आपणहून हसतेच, तिला आणखी निमित्त नको.

तर, गुलटेकडीला मार्केट यार्डात माझा गव्हाचा गाळा आहे. शिक्षण सातवी. काट्यावर तोलायला म्हणून लागलो आणि हळूहळू गादीवर बसलो. गव्हातलं जे काही मला येतं, ते पोत्यांनी शिकवलं. मूठभर गहू उचलला की ओल सांगायची, दाणा दाढेखाली फोडला की जात सांगायची, ही माझी ख्याती. गिऱ्हाईक विचारायचं, "शेठ, हा कुठला?" मी एक दाणा चावायचो, डोळे मिटायचो, जरा वेळ घ्यायचो. वेळ घेणं महत्त्वाचं! मग सांगायचो, "लोकवन." गिऱ्हाईक गार.

खरं सांगू? चाळीस वर्षांत मला कुणी चूक म्हणालं नाही, कारण बरोबर काय ते गिऱ्हाइकाला तरी कुठं ठाऊक होतं?

आम्ही राहायला कोथरूडला. आमच्याच सोसायटीत, पलीकडच्या विंगमध्ये प्रज्ञाताई राहतात. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, वयानं माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. एका संशोधन संस्थेत गव्हाच्या नव्या जाती तयार करतात. करारावरची नोकरी. दर वर्षी काम दाखवायचं, मग करार वाढायचा. मला काका म्हणतात, हिला काकू. मी मात्र त्यांना ताईच म्हणतो. गव्हात डॉक्टर झालेल्या बाईला एकेरी हाक मारायला जीभ वळत नाही.

एकदा चहाला आल्या असताना त्यांनी आपलं काम समजावून सांगितलं. काय सुरेख सांगतात हो! म्हणाल्या, "काका, गव्हावर तांबेरा पडतो ना? एका रानगवताला तो होत नाही. तो गुण आम्ही गव्हात आणलाय. पण संकराच्या शंभर दाण्यांतून कुणात तो आलाय, हे बाहेरून दिसत नाही."

"दाढेखाली घेऊन पाहिलं का?" मी म्हणालो.

"दाढेला तांबेरा कळत नाही, काका." भंडाऱ्याच्या असल्या तरी इतकी वर्षं पुण्यात काढलीत, बोलणं पुणेरी झालंय. "दाण्यात विकरं असतात. म्हणजे कामकरी प्रथिनं समजा. एकाच कामाचं विकर, पण गव्हाचं थोडं वेगळ्या घडणीचं आणि त्या गवताचं थोडं वेगळ्या. दाण्याचा अर्क जेलीसारख्या थरात ठेवून वीज सोडली की कुणी पुढं सरकतं, कुणी मागं राहतं. वरून रंग दिला की पट्टे उमटतात. त्या विकराचं जनुक या गुणाच्या अगदी शेजारी राहतं आणि पुढच्या पिढीत दोघं सहसा जोडीनंच जातात. शेजारी दिसला की समजायचं, आपला माणूस घरात आहे."

"म्हणजे शेजाऱ्यावरून माणूस ओळखायचा!"

"बरोबर. आता डीएनएच्या पद्धती आल्यात, पण एवढ्या कामाला हे पुरतं आणि परवडतं."

मला हे फार आवडलं. यापुढं त्या आणखी बरंच बोलल्या असणार. अर्क काढायला दाण्याचं काय करतात, तेही सांगितलं असणार. पण त्या वेळी मी त्यांना ओला गहू हातावर कसा ओळखायचा ते समजावत होतो. दोघं एकदम बोलत असलो की मला माझंच ऐकू येतं, हा माझा जुना दोष.

दिवाळी झाली. एका शुक्रवारी संध्याकाळी ताई डबा घेऊन दारात उभ्या. चुलतबहिणीच्या लग्नाला भंडाऱ्याला निघाल्या होत्या. संस्थेतलं थंड कपाट बिघडलेलं, आणि त्यांच्या विंगमध्ये मीटर बदलायचे म्हणून दोन दिवस वीज नाही.

"काका, हा डबा मंगळवारपर्यंत तुमच्या फ्रिजमध्ये ठेवाल? अठ्ठेचाळीस पाकिटं आहेत. पट्टे बघून झालेत, अकरांत हवा तो पट्टा आलाय. आले की ते अकरा पेरायचे. यंदाची पेरणी चुकली तर वर्ष जातं. आणि पुढच्या वर्षी मी तिथं असेन की नसेन, देव जाणे."

"काळजीच सोडा."

"उघडायची गरज नाही. नुसतं थंड ठेवायचं. तुम्ही धान्यातली माणसं, म्हणून तुमच्याकडे."

ऐकलंत? धान्यातली माणसं म्हणून! त्याऐवजी एखाद्या विमा एजंटाकडे ठेवला असता डबा, तर बिचारी सुखी झाली असती.

शनिवार निभावला. रविवारी गाळा बंद. दुपारी ताक घ्यायला फ्रिज उघडला. समोर डबा. आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं ज्यानं दिसेल त्या पोत्यात हात घातला, त्याच्यासमोर वानगी ठेवायची आणि म्हणायचं हात लावू नको? मी म्हणालो, नुसतं बघू. बघितल्यानं गव्हाचं काय जातंय?

कागदाचं बोटाएवढं पाकीट. वर पेन्सिलीनं आकडा. तळहातावर उलटं केलं, आणि आत काय?

तुकडा!

अख्खा दाणा नाही, मधोमध तुटलेला अर्धा. दुसरं पाकीट, अर्धा. तिसरं, अर्धा. पाच-सहा उघडली, एकही अख्खा नाही!

"सुमन! अगं इकडे ये! ताईंना कुणीतरी गंडवलंय!"

ही हात पुसत आली. "कशात?"

"गव्हात! हे बघ. तुकडा माल गळ्यात मारलाय. शंभरात पाच तुकडे निघाले तर आम्ही पोतं परत करतो, इथं शंभर टक्के तुकडा!"

"अहो, त्या डॉक्टर आहेत. त्यांना दिसलं नसेल?"

"कागदावर शिकलेली माणसं ती. सरळ बाई आहे, आला तो तुकडा मुकाट्यानं एकेका पाकिटात भरत बसली."

"अर्धे सगळे एकसारखेच कसे काय हो?"

बघा, हा प्रश्न! सातवी मी झालोय, ही नववी. दोन इयत्तांचा फरक असा दिसतो. पण मी काय म्हणालो? "यंत्राची धार लागली असेल. तुला नाही कळायचं."

"आहे तिथं ठेवा ते पाकीट," एवढं बोलून ही आत गेली.

मी ठेवणार होतो हो. पण मनात चित्र उभं राहिलं: ताई साहेबांसमोर पाकिटं उघडतायत, आतून तुकडे निघतायत, साहेब हसतोय, करार बुडाला. शेजारी गव्हाचा व्यापारी असून बाईची ही शोभा? आमच्या धंद्याला काळिमा! मी शेतकरी असतो, तर कोंब दाण्याच्या कुठल्या टोकाला असतो ते पाहिलं असतं. व्यापाऱ्याला दाण्याच्या दोनच जाती ठाऊक: अख्खा आणि तुकडा.

माल बदलून द्यायचा, तर जात तीच हवी. म्हणून त्यातला जरा टपोरासा अर्धा दाणा उचलला आणि दाढेखाली घेतला. अर्ध्यात चव पुरेना. दुसरा घेतला. अंदाज आला, पण खात्रीसाठी तिसरा. डोळे मिटले, वेळ घेतला. समोर गिऱ्हाईक नव्हतं, तरी घेतला. लोकवन!

रविवारचा गाळा उघडला. कुलूप काढताना पलीकडचा हमाल विचारतो, "शेठ, आज काय इशेष?" म्हटलं, "समाजकार्य." माझ्या पाटीवर लिहिलंय, 'एकजात, निवडक लोकवन'. त्या पोत्यातून भिंग लावून शहाण्णव दाणे निवडले. अक्षतांनाही कुणी इतके निरखून निवडत नसेल. शहाण्णव का? अहो, पाकिटाला दोन! एक मापाचा आणि एक वरचा. आमच्याकडे मापावर मूठ घातल्याशिवाय देत नाहीत. हिशेबानं दिलं तर दिलंसं वाटत नाही.

घरी येऊन अठ्ठेचाळीस पाकिटं मोकळी केली, दोन-दोन दाणे घातले, आकडे जिथल्या तिथं, कडा पुन्हा नीट दुमडल्या. तुकडे वाटीत टाकून हिला म्हणालो, "हे चिमण्यांना टाक." आणि असा गाढ झोपलो म्हणून सांगू! सत्कर्माची झोप वेगळीच असते.

मंगळवारी ताई डबा न्यायला आल्या. सोबत लग्नातले लाडू.

"काका, कसे आभार मानू?"

"उद्या पाकिटं उघडा, मग माना," मी म्हणालो. भुवई उडवून म्हणालो! आठवलं की अजून उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

बुधवारी सकाळी गाळ्यावर शेजारच्या दोघा व्यापाऱ्यांना हेच रंगवून सांगत होतो. एका शास्त्रज्ञ बाईची अब्रू मी कशी राखली! तेवढ्यात फोन.

"काका, तुम्ही पाकिटं उघडली होती का?"

"आवडलं ना, ताई?"



"यात दोन-दोन अख्खे दाणे आहेत."

"एक मापाचा, एक वरचा. आपल्यात मोकळं माप देत नाहीत."

"माझे अर्धे दाणे कुठं आहेत?"

"ते तुकडे? अहो, ते चिमण्यांना..."

आणि मग त्या बाईंचं पुणं गळून पडलं. "काहून जी? काहून उघडले तुम्ही? ते तुकडे नव्हते काका! मीच कापले होते ते, एकेक, ब्लेडनं. कोंबाशिवायचा अर्धा विकरासाठी, कोंबाचा अर्धा पेरायसाठी. चार वर्षं लागली जी मला त्या अठ्ठेचाळीस दाण्यांपर्यंत यायला."

मी पोत्यावर बसलो. समोर दोघं अजून हसऱ्या चेहऱ्यानं पुढची गोष्ट ऐकायला थांबलेले. "काय म्हणतात बाई? खूश?" मी नुसतं हो म्हणून मान हलवली. तिथंही खोटंच.

गाळ्याबाहेर जाऊन हिला फोन लावला. "ते तुकडे... टाकलेस का ग चिमण्यांना?"

"नाही."

"कबुतरांना?"

"नाही हो. लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवलेत. दुसऱ्याची वस्तू, विचारल्याशिवाय कशी टाकायची? आणि ते अर्धे सगळे एकसारखे कसे, हे तेव्हाच म्हणाले होते मी."

लग्नाला सदतीस वर्षं झाली. इतकं प्रेम मला हिच्यावर त्याआधी कधी आलं नव्हतं, आणि इतकी लाजही.

स्कूटर काढली. मागे ही, हिच्या मांडीवर बरणी. एकेक स्पीडब्रेकर असा ओलांडला, जणू मागे बाळंतीण बसलीय. संस्थेत ताई दारातच उभ्या होत्या. डोळे लाल, पण आवाज थंड. पांढऱ्या कागदावर बरणी ओतली आणि चिमट्यानं एकेक दाणा बाजूला घेत मोजायला लागल्या. मला चिमटा नाही, खुर्ची नाही. शाळेत उभं करायचे तसा भिंतीला लागून उभा.

"पंचेचाळीस," ताई म्हणाल्या. "तीन कुठं गेले?"

"दोन मी... दाढेखाली..."

"चावले?"

"जात बघायला."

"आणि तिसरा?"

आता तीन म्हणून टाकायला काय झालं होतं? इतकं झालं होतं, त्यात आणखी एक दाणा! पण जीभ नाही उचलली. दोन म्हणजे चूक, तीन म्हणजे खादाडपणा, असं काहीतरी डोक्यात आलं. "तिसरा... चिमणीनं नेला असेल खिडकीतून."

हिनं माझ्याकडे बघितलं. ताईंनीही बघितलं. मग वही उघडून गेलेल्या तिघांचा हिशेब लिहिता लिहिता म्हणाल्या, "कोथरूडला चिमण्या आहेत अजून? बरं वाटलं ऐकून."

मी विचारलं, "आता काय होईल, ताई? सगळं गेलं?"

ताईंनी वही मिटली. "आकडे गेले. कुठला दाणा कुठल्या पाकिटातला, ते आता ब्रह्मदेवालाही कळणार नाही. यांत त्या अकरांपैकी कुठले, ते मला सांगता येत नाही. पण तेच विकर कोवळ्या पानातही असतं. सगळेच पेरायचे. रोप आलं की पानाचं टोक खुडायचं आणि पुन्हा पट्टे काढायचे. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस. दहा जणांचं काम एकटीनं."

"मी येतो! रोज येतो. काय सांगाल ते करतो."

"माती चाळता येते?"

"येते."

"मग माती चाळा. दाण्याला हात लावायचा नाही."

तर गुलटेकडीचा शेठ, ज्याच्या सहीवर गाड्या भरून गहू खाली होतो, तो पुढचे तीन दिवस गुडघ्यावर बसून माती चाळत होता. कुंड्या भरल्या, आकडे चिकटवले. पेरलं ताईंनी. मी दारात उभा राहून मनातल्या मनात प्रत्येक अर्ध्या दाण्याची माफी मागितली. आणि काय सांगू तुम्हाला, पंचेचाळीसच्या पंचेचाळीस उगवले! त्या तुकड्यांतून हिरवी टोकं वर आली तेव्हा मला आधी आनंद झाला, आणि पाठोपाठ आजवर तुकडा म्हणून परत केलेल्या पोत्यांची आठवण झाली.

पट्टे काढायच्या दिवशी ताईंनी आम्हा दोघांना मुद्दाम बोलावलं. काचेवर तो थर, त्यावर रंग ओतला, आणि बघता बघता रेघा उमटायला लागल्या. काही पुढं, काही मागं, आमच्या बाजारातल्या रांगेसारख्या. ताई बोट ठेवून मोजत गेल्या. एक... तीन... सहा...

"आठ."

"चांगलं की वाईट?"

"आठांवर काम पुढं जाईल. पेरणी वेळेत झाली, करारालाही दाखवायला आहे." पहिल्यांदा जरा हसल्या. "पण आधी अकरा होते, काका. आठ मिळाले, तीन कमी. म्हणजे बरणीत जे तीन नव्हते, ते तिन्ही पट्ट्याचे होते."

विचार करा! अठ्ठेचाळिसांत असे अकराच, आणि मी डोळ्यांनी निवडलेले तिन्ही नेमके त्यांतलेच. चाळीस वर्षांची पारख आयुष्यात एकदाच खरी ठरली, आणि तीही गिळून झाल्यावर.

"आणि हे शेवटचे सहा पट्टे बघा," ताई म्हणाल्या. "हे तुमचे. पाकिटातले अख्खे दाणे. म्हटलं, जागा उरलीय तर घालून बघू."

बघितलं. चार एका ओळीत, दोन भलतीकडेच.

"हे काय?"

"दोन जाती आहेत तुमच्या पोत्यात. तुम्ही भिंगातून दाणे निवडले, तरी दोन. पाटीवर 'एकजात'च्या पुढं जागा असेल तर 'आणि इतर' असं लिहून घ्या."

पाटी दुसऱ्या दिवशी उतरवली. 'निवडक गहू' एवढंच लिहिलंय आता. कुणी जात विचारलं, तर म्हणतो, "पोतं म्हणतंय लोकवन." दाढेला विश्रांती दिलीय.

पण गोष्ट तिथं संपत नाही, संपली असती तर बरं होतं. पट्टे बघून घरी जाताना ही स्कूटरवर मागून हळूच म्हणाली, "अहो, आपल्या खिडकीवर चिमणी शेवटची कधी आली होती हो?"

 पौड फाट्यापर्यंत गेलो, आणि स्कूटर पुन्हा संस्थेकडे वळवली.

ताई कुलूप लावत होत्या. मी तिथंच उभ्या उभ्या म्हणालो, "चिमणी नव्हती. तिसराही मीच खाल्ला."

"माहिती आहे, काका."

"कसं?"

"तुम्ही चिमणी म्हणालात तेव्हा काकूंनी तुमच्याकडे बघितलं ना, त्यावरून. शेजाऱ्यावरून माणूस कळतो." त्यांनी कुलूप काढलं, वही आणली, माझ्या हातात पेन दिलं. मी ती ओळ खोडायला लागलो, तर हात धरला. "असं गिरगटायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं, आणि सही करायची."

मी रेघ मारली. 'एक: चिमणी' अजून वाचता येतं. वर लिहिलं, 'तिन्ही मी', आणि गाड्या खाली करताना करतो तीच पूर्ण सही केली.

आता तुम्ही हा किस्सा चार ठिकाणी सांगणारच, मी ओळखतो तुम्हाला. खुशाल सांगा. मला वाटेल तेवढा मूर्ख करा, भिंगाची दुर्बीण करा, माझी हरकत नाही. पण दाण्यांचा हिशेब तेवढा चोख ठेवा: गेले तीन, खाणारा एकच. चिमणीच्या नावावर काही लिहू नका.